डिशवॉशरसाठी दोन गडवे गोडं पाणी

कमलबाईंनी ताट खिडकीच्या उजेडात धरलं आणि माझ्यासमोर त्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्यामागे एक पुसट रेघ उमटली. बाकीचं ताट पांढुरकं होतं, चुन्याचं पाणी टाकून वाळवल्यासारखं.

"पाहा मॅडम. धुतलेलं ताट हाये हे. याच्यात पावन्याले वरन वाढू मी?"

"नका वाढू," मी म्हणाले.

"मंग हे मशीन कायच्यासाठी हाये?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधायलाच मी अमरावतीहून आले होते.

मी इंजिनियर आहे. घरगुती डिशवॉशर बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते. कारखाना आणि डिझाइनची मुख्य टीम पुण्याला. अमरावतीच्या एमआयडीसीत आमचं छोटं टेस्टिंग सेंटर आहे, ते माझ्याकडे. विदर्भातली एखादी तक्रार सर्व्हिसवाल्यांना सुटली नाही की ती माझ्या टेबलावर येते. हे घर दर्यापूरच्या पुढे, अकोटच्या रस्त्यावरच्या एका गावातलं. काळ्या जमिनीवर कपाशी आणि हरभरा, घरात बोअरचं पाणी. मशीन अकोल्याच्या डीलरकडून घेतलेलं. ते बसवणारा टेक्निशियन मंगेश माझ्यासोबत होता. बसवलं त्यानेच, म्हणून तो जरा माझ्या मागे उभा होता.

मशीन घेतलं होतं कमलबाईंच्या सुनेने, सारिकाने. ती ब्लाऊज शिवते. हात सफाईदार आहे, त्यामुळे दर्यापूरहूनही कापड येतं. पण भांड्यांचा साबण आणि खारं पाणी यांनी तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. भेगाळलेलं बोट रेशमी कापडावरून गेलं की धागा ओढला जातो. भेग ओली असेल तर डाग पडतो. एका नवरीच्या ब्लाऊजवर तसा डाग पडला आणि त्या घरचं सगळं काम दुसरीकडे गेलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, भांडी बंद. म्हणून तिने शिलाईच्या कमाईतून मशीन घेतलं. नऊ माणसांचं घर. मशीन गेलं तर भांडी एक तर तिच्या हातात येणार, नाही तर गुडघे दुखणाऱ्या सासूच्या.

"मॅडम, वापस तं नाही ना नेणार?" तिने दारातूनच विचारलं. हाताची बोटं तिने पदराखाली घेतली होती.

"पाहू," मी म्हणाले. जे माझ्या हातात नाही त्याचं आश्वासन मी देत नाही. आणि हे माझ्या हातात नव्हतं. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा आहे. तिथे जमिनीखालचं पाणीच खारं. या पट्ट्यातून आमच्याकडे अशाच तक्रारी येत होत्या, आणि पुण्यात माझे बॉस परांजपे सर पट्ट्यातली सगळी मशीन परत घेऊन तिथली विक्री बंद करायच्या विचारात होते.

मी बाह्या वर केल्या आणि मशीन उघडलं.

डिशवॉशर आतून तसा साधा असतो. तळाला एक खळगा असतो, त्याला संप म्हणतात. त्यात थोडं पाणी येतं. पंप ते पाणी दोन फिरत्या पात्यांमधून भांड्यांवर फवारतो, एक पातं खाली, एक वर. पाणी खाली पडून पुन्हा संपमध्ये, तिथून पुन्हा वर. तेच पाणी फिरत राहतं, म्हणून कमी लागतं. आधी नुसत्या पाण्याने, मग साबणाच्या, मग एकदा विसळून आणि शेवटी गरम पाण्याने विसळून. प्रत्येक वेळी जुनं पाणी बाहेर, नवं आत. शेवटच्या गरम पाण्यानंतर भांडी आपोआप वाळतात.

नवं पाणी आत येताना सॉफ्टनरमधून येतं. सॉफ्टनर म्हणजे बारीक मण्यांचा डबा. पाण्यातले जे क्षार भांड्यांवर चुन्यासारखा थर धरतात, ते हे मणी पकडून ठेवतात. मणी भरले की त्यांना मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं, मग ते पुन्हा पकडायला मोकळे. त्यासाठी मशीनच्या तळाशी मिठाचा कप्पा असतो, आणि मशीनसोबत जाड मिठाची पिशवी येते.

मी कप्प्याचं झाकण फिरवलं. आत मिठाचा खडासुद्धा नव्हता.

"काकू, मिठाची पिशवी भेटली होती ना? कुठी आहे?"

कमलबाईंनी माळ्याकडे हात केला. पिशवी तिथे होती. सील न फोडलेली.

"टाकली काहून नाही?"

"अवं बाप्पा," त्या म्हणाल्या, "आमच्या पान्यातच मीठ हाये. या पान्यानं मिरचीचं रोप जगत नाही. भिताडाचा गिलावा झडते. जनम गेला माह्या त्या मिठासंगं भांडता भांडता, अन् तुमी म्हनता वरून अजून मीठ टाका? मी म्हनलं, या पोराचीच काही चूक झाली असन सांगाले."

पोरगा म्हणजे मंगेश. त्याची स्वतःची पोरं शाळेत जातात.

"मी समजावून सांगितलं होतं मॅडम. दोघींसमोर."

"सांगतलं. आमी हो म्हनलं. तू उन्हातानाचा आलता, तुह्यासंगं वाद कायले घालाचा? चहा पाजला अन् पिशवी वरते ठेवून देली."

मंगेशने माझ्याकडे पाहिलं. मी हसले नाही, पण कठीण गेलं.

तिथेच ओसरीवर बसून मंगेशने पट्ट्यातल्या बाकी तक्रारदारांना फोन लावले. सगळीकडे तीच कथा. मीठ कोणीच टाकलं नव्हतं. खाऱ्या पाण्यात मीठ घालायला सांगणारा माणूस चुकीचं बोलतोय, यावर पूर्ण पट्ट्याचं न बोलता एकमत होतं. एका गृहस्थांनी ती पिशवी बैलांना चाटायला ठेवली होती आणि बैलांना आवडली असंही सांगितलं.

कमलबाईंना मी मण्यांचा हिशोब समजावला. खारेपणा वेगळा, थर धरणारा क्षार वेगळा. हे मीठ भांड्यांसाठी नाही, मण्यांसाठी आहे. त्यांनी ऐकून घेतलं. या वेळी चहा आला तरी मी पिशवी फोडून, मीठ स्वतः ओतून मगच कप घेतला. लिंबाचं सत्व टाकून मशीन एकदा रिकामं चालवलं, आतला थर निघाला. मग भांड्यांची एक फेरी. ताटं आधीपेक्षा खूपच उजळ आली.

संध्याकाळी परांजपे सरांना कळवलं.

"म्हणजे युजर एरर," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती. "उत्तम. तक्रार क्लोज करा."

"आठवडाभर पाहते, मग करते."

"मीठ नव्हतं, मीठ टाकलं. आता काय पाहायचं?"

"ताट, सर."

आठवडा व्हायच्या आत सारिकाचा फोटो आला. ताटाचा. खाली लिहिलं होतं, "थोडं आहे अजून. सासूबाई आता स्वतःच घासून राहिल्या. मला हात लावू देत नाहीत, पण दोन दिवसांपासून त्यांचे गुडघे सुजलेत."

मी पुन्हा गेले. या वेळी थर वेगळा होता. आधीचा खरबरीत होता, हा पातळ, पिठूळ. मी ताटावर शेजारी शेजारी दोन थेंब टाकले, एक व्हिनेगरचा, एक पिण्याच्या पाण्याचा. चुन्याचा थर नुसत्या पाण्याला दाद देत नाही, त्याला आंबट लागतं. इथे पाण्याच्या थेंबाखालीच थर विरघळून गेला. व्हिनेगरची गरजच नव्हती.

म्हणजे हे मीठच होतं.

"मंग मी का म्हनलं होतं?" कमलबाई म्हणाल्या.

"तेव्हा तुम्ही चुकल्या होत्या काकू. आता बरोबर आहा."

"एकाच गोठीत?"

"दोन गोष्टी आहेत. तेच तर सांगून राहिली."

वाचकांनाही सांगते. सॉफ्टनर पाण्यातून क्षार काढून टाकत नाही, बदलतो. थर धरणारा घेतो, त्याच्या जागी साधा सोडतो. अमरावतीच्या नळाच्या पाण्यात तो साधा क्षार इतका थोडा असतो की दिसत नाही. इथे बोअरच्या पाण्यात तो मुळातच भरपूर. मण्यांनी कितीही इमानदारीने काम केलं तरी भांड्यावर राहिलेला शेवटचा थेंब वाळतो आणि त्यातलं मीठ ताटावर बसतं. मंगेशने बोअरच्या पाण्यात क्षार मोजायचं मीटर धरलं, आकडा पाहिला, मीटर झटकून पुन्हा धरलं. आकडा तोच होता.

"सर, युजर एरर होती," मी परांजपे सरांना फोनवर सांगितलं, "पण तिच्या खाली अजून एक एरर होती. ती आपली."

"मग त्यांना आरओ लावायला सांगा."

"घरगुती आरओ थेंब थेंब पाणी देतो. मशीन दोन मिनिटांत भरतं. शिवाय आरओ जितकं पाणी देतो तितकं, नाही तर त्याहून जास्त बाहेर टाकतो. पाण्याचे वांधे असलेल्या गावात हे सांगायला मी जाणार नाही."

"मग तिथे विकायलाच नको. वानखडे, तुमचा भाग आहे, वाईट वाटेल. पण पुढच्या रिव्ह्यूला मी परत घ्यायचा प्रस्ताव ठेवतोय. ग्राहकाला पूर्ण पैसे देऊ."

"या ग्राहकाला पैसे नकोत. तिला हात कोरडे ठेवायचे आहेत."

"ते आपल्याला जमत नाहीये ना?"

"रिव्ह्यूपर्यंत वेळ द्या."

"बजेट नाही."

"मागितलं नाही."

"ठीक आहे," ते म्हणाले. वाईट माणूस नाही. त्यांना आकडे सांभाळावे लागतात.

मी मशीनच्या एका फेरीचा तक्ता काढून बसले. पाणी चार वेळा आत येतं. पहिली तीन पाणी वाळत नाहीत, पुढचं पाणी त्यांना धुऊन नेतं. वाळतं ते फक्त शेवटचं. म्हणजे फक्त शेवटचं पाणी गोडं असलं तरी पुरे. पहिली तीन खुशाल खारी असू देत.

आणि गोडं पाणी घरात असतंच. खारपाणपट्ट्यातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात पाणी दोन जातीचं असतं. बोअरचं खारं वापरायला आणि धरणाच्या योजनेचं गोडं प्यायला. नळ रोज येत नाही, त्यामुळे गोडं पाणी ड्रममध्ये भरून झाकून ठेवतात आणि त्याची चावी, म्हणजे झाकणावरचा गडवा, पाणी काढायचा तांब्या, घरातल्या मोठ्या बाईकडे असतो. माझी मावशी दर्यापूरचीच. तिच्याकडे सुट्टीत हात धुताना चुकीच्या ड्रममध्ये गडवा बुडवला की पाठीत धपाटा बसायचा. आमच्या मशीनला मात्र एकच नळ होता, कारण ते जिथे डिझाइन झालं तिथे पाणी एकाच जातीचं असतं.

सेंटरमधल्या जुन्या मशीनचं वरचं झाकण काढून मी तिथे एक टाकी बसवली. टाकी म्हणजे प्लास्टिकचा चपटा कॅन. कपडे धुण्याच्या मोडक्या मशीनमधला व्हॉल्व्ह काढून तिच्या तोंडाला लावला. हा व्हॉल्व्ह विजेवर उघडतो. शेवटच्या पाण्याची वेळ आली की नळाऐवजी तो उघडायचा, आणि टाकीतलं पाणी सॉफ्टनरला वळसा घालून थेट संपमध्ये यायचं. फेरी सुरू करण्याआधी टाकी हाताने भरायची. एवढंच.

कागदावर छान होतं. मी कमलबाईंना विचारायला गेले.

"गोडं पानी? मशीनले?" त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला. "किती लागन?"

"चार लिटर. म्हणजे सव्वातीन गडवे होतील."

"नाही भेटनार."

सारिका म्हणाली, "आई, दिवसातून एकदाच तं—"

"तू चूप राय वं. नळ कधी येते त्याचा भरोसा हाये काय? मांगच्या खेपेले लाईन फुटली तं शेजारून पानी आनलं पिवाले. सव्वातीन गडवे रोज धुवाले गेले, मंग पिशीन काय?"

"काकू, तुम्ही हातानं घासता तेव्हा शेवटचं पाणी कोणतं घेता?"

"गोडंच. नाही तं ताट असंच पांढरं होते."

"किती?"

"दोन गडवे. घमेल्यात टाकाचे, सारे भांडे त्याच्यातच बुडवून काढाचे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दोन गडवे देतो तुमच्या मशीनले. त्याच्या वर एक घोट नाही. माह्यापेक्षा जास्त पानी खाते तं मंग ते मशीन कायचं?"

दोन गडवे म्हणजे साधारण अडीच लिटर. मी वाद घातला नाही. इतकं स्पष्ट स्पेसिफिकेशन मला पुण्याहूनही क्वचितच मिळतं.

आता खरं काम सुरू झालं. आमचा पंप चार लिटरसाठी बनवलेला. अडीच लिटरमध्ये तो पाण्यासोबत हवा ओढायचा आणि घरघरायचा. फवारा मध्येच तुटायचा, वरच्या रॅकपर्यंत पोचायचाच नाही. मंगेश आवाज ऐकून म्हणाला, "मॅडम, हे तं दमेकरी झालं."

पहिला बदल पंपाचा. त्याचा वेग शेवटच्या फेरीपुरता कमी केला. घासायला जोर लागतो, विसळायला लागत नाही. दुसरा बदल पात्यांचा. दोन्ही पाती एकाच वेळी फवारतात म्हणून पाणी दोन्हीकडे अडकतं. मी ती पाळीपाळीने चालवली, आधी वरचं, मग खालचं. त्यासाठी पाण्याची वाट बदलणारी एक छोटी चकती लागते. महागड्या मॉडेलमध्ये ती असते, तीच मागवून घेतली. तिसरा बदल संपचा. संपच्या कोपऱ्यांत जे पाणी भरतं ते पंपाच्या तोंडापर्यंत येतच नाही, नुसतं जागा अडवतं. एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून नायलॉनचा एक ठोकळा कापून घेतला आणि त्या कोपऱ्यात बसवला. तेवढं पाणी वाचलं. घरघर थांबली.

बोअरचं पाणी आम्ही गावातून कॅनमध्ये भरून सेंटरला आणलं होतं. ताटं माझ्या घरची. पुण्यातल्या टेस्टमध्ये भांड्यांना ओट्सचा लगदा फासून वाळवतात. मी ताटांत झुणका वाळवला आणि वाट्यांत तुरीचं वरण. सेंटरला दोन दिवस खाणावळीचा वास होता.

पहिली फेरी. ताट काढलं. पांढुरकं.

टाकीत गोडं पाणीच भरलं होतं, व्हॉल्व्ह उघडला होता, दोन्ही पाती फिरली होती. मग मीठ आलं कुठून? मी संपमधलं शेवटचं पाणी कपात काढून मीटर धरलं. आकडा बऱ्यापैकी चढलेला. गोड्या पाण्यात खारं मिसळलं होतं.

कारण शोधायला सबंध दुपार गेली, आणि सापडलं ते साधंच निघालं. तिसरं पाणी बाहेर टाकलं तरी ते सगळं जात नाही. थोडं पाइपात राहतं, थोडं भांड्यांवरून थेंब थेंब गळत राहतं. मशीन मात्र पंप थांबला की लगेच नवं पाणी घेतं. नवं पाणी चार लिटर असेल तर हे उरलेलं त्यात खपून जातं. अडीच लिटरमध्ये खपत नाही.

मी प्रोग्रॅममध्ये एक थांबा घातला. पाणी बाहेर टाकायचं, भांडी निथळू द्यायची, मग पुन्हा एकदा बाहेर टाकायचं, त्यानंतरच टाकी उघडायची. फेरी थोडी लांबली. वीज लागली नाही, पाणी लागलं नाही, नवा सुटा भाग लागला नाही.

ताट काढलं. मंगेशने ते ट्यूबलाईटखाली आडवं-तिरपं करून पाहिलं. "मॅडम, मले माह्या मिशा दिसून राहिल्या."

"मिशा राहू दे. मीटर धर."

मीटरनेही हो म्हटलं.

रिव्ह्यूच्या आदल्या आठवड्यात आम्ही हे सगळं सारिकाच्या मशीनवर बसवलं. कमलबाईंनी स्वतः दोन गडवे मोजून टाकीत ओतले. दुसरा गडवा त्यांनी काठोकाठ भरला नव्हता, हे मी पाहिलं आणि बोलले नाही. डिझाइनला तेवढी सवलत ठेवावीच लागते. सकाळच्या जेवणाची भांडी लागली, मशीन सुरू झालं. सारिका आत-बाहेर करत होती. कमलबाई मशीनसमोर खुर्ची टाकून बसल्या, पोळ्या लाटणाऱ्या नव्या बाईवर नजर ठेवावी तशा.

फेरी संपली. ताटं स्वच्छ. गडवे स्वच्छ. कमलबाईंनी प्रत्येक भांडं हातात घेतलं. मग एक वाटी उलटी करून माझ्यासमोर धरली.

"हे?"

वाटीच्या बुडाला पांढरी गोल कड होती. आपल्या स्टीलच्या वाटीचं बूड आत दबलेलं असतं. वाटी रॅकमध्ये पालथी ठेवली की त्या दबलेल्या बुडात पाणी साचतं. शेवटचा फवारा कमी जोराचा, तो ते साचलेलं खारं पाणी हलवू शकला नाही. काचेच्या वाडग्यांसाठी बनवलेल्या रॅकला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

सारिकाचा चेहरा पडला. "आई, बुडालेच तं हाये. आतून चांगली हाये ना."

"मी कुठी वाईट म्हनून राहिली? दाखवून राहिली त्याहिले. त्याहिचं कामच हाये ते."

मी पक्कड मागितली आणि वरच्या रॅकच्या तारा एका अंगाला वाकवल्या. वाट्या आता पालथ्या, पण तिरप्या बसत होत्या. बुडात पाणी थांबायला जागा उरली नाही. दुसरी फेरी लावायला पुन्हा गोडं पाणी लागणार होतं. मी काही बोलायच्या आत कमलबाई उठल्या आणि ड्रमचं झाकण काढलं.

"आजच्या दिवस," त्या म्हणाल्या.

वाट्यांची बुडं स्वच्छ निघाली.

रिव्ह्यू व्हिडिओ कॉलवर झाला. मी फोटो दाखवले, मीटरचे आकडे दाखवले. परांजपे सरांनी एकच प्रश्न विचारला, "टाकी सोडून बाकीचे बदल पुण्यातल्या मशीनमध्ये केले तर?"

"शेवटचं पाणी चारचं अडीच लिटर होईल."

"सगळ्या मॉडेलमध्ये?"

"संपचा आकार एकच आहे, सर."

त्यांनी पुढची स्लाइड दाखवायला सांगितलं नाही. मशीन परत घ्यायचा प्रस्ताव त्या दिवशी मांडलाच गेला नाही. गोड्या पाण्याच्या टाकीचं किट खारपाणपट्ट्यातल्या ग्राहकांना बसवून द्यायचं ठरलं. ठोकळा, पात्यांची पाळी आणि निथळायचा थांबा नव्या मॉडेलमध्ये सगळीकडे जाणार आहेत. पहिलं मीठ आता बसवणारा टेक्निशियन स्वतः भरतो, मगच सही घेतो. झाकणावर मराठीत स्टिकर आहे: 'पाणी खारं असलं तरी हे मीठ टाका.' मजकूर मंगेशचा.

लग्नसराईत मी टाकीचा व्हॉल्व्ह तपासायला पुन्हा त्या गावी गेले. ओसरीवर शिलाई मशीन चालू होतं. सारिका उठली नाही. "ताई, बसा दोन मिनिटं, एवढी बाही लावून घेते," म्हणाली. मांडीवर जांभळं रेशीम होतं आणि त्यावरून तिची बोटं सरसर जात होती. एका अंगठ्याला अजून पट्टी होती. बाकीची बोटं भरून आली होती. ज्या घरचं काम गेलं होतं, त्यांच्याच धाकट्या मुलीचे ब्लाऊज होते.

मी व्हॉल्व्ह तपासला. चांगला होता. कमलबाईंनी चहा दिला आणि समोर बसल्या.

"मॅडम, परात नाही बसत मशीनमंधी."

"किती मोठी आहे?"

त्यांनी आणून दाखवली. मशीनच्या दारापेक्षा मोठी होती.

"इतकी मोठी नाही बसायची काकू."

"मंग मधली?"

मधली खालच्या रॅकच्या खुंट्यांना अडत होती. खुंट्या घडीच्या केल्या तर बसेल. मी टेप काढून मापं घेतली.

एवढ्या वर्षांत मी एक ठोकताळा बांधला आहे. ग्राहकाने तक्रार करणं सोडलं तर समजावं, मशीन माळ्यावर गेलं. तक्रार नवी असेल तर मशीन वापरात आहे. खुंट्यांचं ड्रॉइंग या आठवड्यात पुण्याला जाईल.